शून्याचा फोटो

बाईंना कुणी म्हटलं, "आज बाहेर ऊन छान पडलंय," तरी त्या आधी खिडकीपाशी जाऊन बघायच्या आणि मगच "हो" म्हणायच्या. कारखान्यात त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'शंकाबाई' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. मोजमाप करणाऱ्याने विश्वास ठेवायला सुरुवात केली की रखवालदाराने उशी घेऊन कामावर यावं, असं त्या म्हणायच्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या मापावर कुणाला बोट ठेवता आलं नव्हतं.

कारखाना टाक्यांचा. दाबलेली हवा साठवायच्या पोलादी टाक्या, आडव्या, गोल पोटाच्या, आत माणूस सहज उभा राहील एवढ्या. सपाट प्लेट रोलमधून काढून गोल वाकवायची, तिच्या दोन कडा एकमेकींना भिडवायच्या आणि वेल्डिंग करून सांधा मारायचा. गेटबाहेर पडण्याआधी प्रत्येक टाकीत पाणी भरून नेहमीच्या दीडपट दाब द्यायचा आणि तिचं पोट किती फुगतं ते बघायचं. पोलाद फुगतं हे लोकांना खरं वाटत नाही. पण फुगतं. आठ-दहा केस एकमेकांवर ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढं, आणि सगळीकडून सारखं. एखाद्याच जागी जास्त फुगलं, तर तिथे काहीतरी शिजतंय असं समजायचं.

ते फुगणं पकडणं हे बाईंचं काम. टाकीला आधी पांढरा रंग, अजिबात न चकाकणारा. त्यावर काळ्या रंगाचे बारीक ठिपके, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही असे. टाकीभोवती आठ कॅमेरे, दोन-दोनच्या चार जोड्या. एक डोळा मिटून सुई ओवून बघावी, म्हणजे कळतं की अंतर समजायला दोन डोळे लागतात. कॅमेऱ्यांचंही तसंच. आणि टाकी पडली गोल, तेव्हा एका जोडीला तिची एकच कूस दिसणार. चार जोड्यांनी पाहिलेल्या चार कुशी कॉम्प्युटर एकमेकींना शिवतो आणि सबंध टाकी पडद्यावर उभी करतो. दाब देण्याआधी एक फोटो, दिल्यावर दुसरा. कुठला ठिपका किती सरकला ते रंगांत दिसतं. निळं म्हणजे थोडं, हिरवं म्हणजे हवं तेवढं, लाल म्हणजे संकट. पहिल्या फोटोला सगळे 'शून्याचा फोटो' म्हणत, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून मोजायचं.

कारखान्यात एक जुना नियम होता. ज्याचा सांधा, त्याचा पंप. ज्या वेल्डरने सांधा मारला, त्यानेच चाचणीच्या दिवशी टाकीशेजारी उभं राहून पंप चालवायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा, आणि सगळं झालं की दाब काढून पाणी सोडायचं. काम कच्चं असेल तर पहिला फवारा आपल्याच तोंडावर येणार, म्हणून माणूस सांधा नीट मारतो. नियम कुणी काढला ते कुणाला आठवत नव्हतं, पण तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

आणि त्या आठवड्यात पंपावर होता बाईंचा जावई.

त्याला सगळेच 'जावई' म्हणत. चार वर्षांपूर्वी बाईंची लेक आईचा घरी विसरलेला चष्मा द्यायला शेडमध्ये आली होती. चष्मा देऊन परत जायला तिला दीड तास लागला, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. सहा महिन्यांनी लग्न झालं आणि वेल्डरचा जावई झाला. फोरमन म्हणायचा, "जावई, ती प्लेट उचला," आणि जावई उचलायचा. जावयाला प्लेटा उचलायला लावणारं सासर जगात हे एकच असेल.

बाईंना तो कधी पटला नाही. कारण विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, कारण माणूस दारू पीत नव्हता, आवाज चढवत नव्हता, सासूच्या शब्दाबाहेर जात नव्हता. हेच त्यांना खुपायचं. लेक म्हणाली भिंत पिवळी रंगवू, की "रंगवू." बाई म्हणाल्या पिवळा डोळ्यांत खुपतो, की "हो, खुपतो खरा." ज्याला सगळंच पटतं तो मनात काहीतरी लपवतो, असं बाईंचं गणित होतं. लग्नाआधी त्या लेकीला म्हणाल्याही होत्या, "एक दिवस मी तुला दाखवीन, हा कसा आहे ते." दाबाच्या टाक्यांवर काम करायचं कार्ड त्याला तिसऱ्या परीक्षेत मिळालं होतं. लेकीने ते काचेच्या कपाटात उभं करून ठेवलं होतं. बाई घरी गेल्या की त्या कार्डाकडे पाहायच्या आणि मनात म्हणायच्या, पहिल्या दोन परीक्षांचं काय?

घरी त्या त्याला अहो-जाहो करत, कामावर अरे-तुरे. तो घरी त्यांना 'आई' म्हणे, कामावर 'बाई'.

सोमवारी टाकी भरली. शून्याचा फोटो झाला. जावयाने पंप सुरू केला, वीस मिनिटांनी दाबाचा काटा खुणेवर आला. त्याने टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, पंपाच्या नळीतला दाब सोडून दिला आणि बाजूला झाला. बाईंनी फोटो घेतले. पडद्यावर टाकी हिरवीगार उमटली. फक्त सांध्याच्या दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन लाल पट्टे होते.

मोठे साहेब आले. कारखाना त्यांचा नव्हता, पण चालायचे ते मालकासारखे. गुरुवारी गाडी लागणार होती, टाकी एका इस्पितळाच्या आवारात बसायची होती. त्यांनी पडदा पाहिला, मग कॅमेऱ्यांच्या तिवया पाहिल्या.

"बाई, हा सांधा नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीच्या मधोमध येतोय. दोन जोड्यांचे फोटो शिवताना तुमचीच शिवण उसवली असेल."

"माझी शिवण उसवत नाही."

"सव्वीस वर्षांत एकदा उसवली तर काय बिघडलं? कॅमेरे सरकवा, सांधा एकाच जोडीच्या समोर येऊ द्या. उद्या परत करू."

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. असं होऊ शकतं. कॅमेऱ्याच्या तिवईला कुणाचं कोपर लागलं तरी दोन कुशींची शिवण केसभर हुकते आणि नसलेला फुगवटा दिसतो. पण लाल पट्टे जावयाच्या सांध्यालाच यावेत, दुसरीकडे कुठे नाही, हे बाईंना साधं वाटलं नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आता रात्रीत हा काहीतरी करणार, बाईंच्या डोक्यात आलं. ठिपके पुसेल, सांध्यावर काहीतरी फासेल.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी उद्या येईपर्यंत टाकी, पाइप, पंप, कशालाही हात लावायचा नाही."

"बाई, पण पाणी..."

"कशालाही म्हणजे कशालाही. कळलं?"

"कळलं," जावई म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा त्याचा फोन आला. त्यांनी वाजू दिला. मोजमापावर बोलायला घरी फोन करणारा माणूस गयावयाच करणार, दुसरं काय. पुन्हा एकदा वाजला, तोही त्यांनी वाजू दिला.

मंगळवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. टाकीभोवती दोरी बांधलेली होती. ही दोरी कुणी बांधली? गेटवरच्या वहीत त्यांनी पाहिलं, जावई रात्री नऊला बाहेर पडला होता. पाळी पाचला संपते, म्हणजे चार तास! बाईंनी भिंग घेऊन टाकी पालथी घातली. एकेक ठिपका जागेवर होता. काही सापडलं नाही म्हणून त्यांचं समाधान व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. सापडत नाही म्हणजे चांगलं लपवलंय.

त्यांनी कॅमेरे सरकवले, ठिपक्यांचा तक्ता प्रत्येक जोडीसमोर तिरका-सरळ धरून त्यांची नजर परत बसवली. मग स्वतः पंपापाशी जाऊन काटा पाहिला. शून्य. शून्याचा फोटो घेतला. जावयाने व्हॉल्व्ह उघडला, पंप सुरू केला, आणि काटा दोन मिनिटांत खुणेवर.

"आज लगेच आलं," साहेब म्हणाले.

"हो," जावई म्हणाला.

पडद्यावर टाकी उमटली. लाल औषधालाही नव्हतं. साहेबांनी बाईंच्या पाठीवर थाप मारली असती, पण बाई आहेत हे आठवून त्यांनी ती टेबलावर मारली. "बघा! शिवणच उसवली होती. दुपारी कागद पाठवतो, सही करा."

जावई हसला. बाईंनी ते हसू पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

दुपारी कागद आला. बाईंनी पेन उघडलं, आणि सवयीने एकदा आकडे चाळले. रंग बघणारे रंग बघतात, बाई आकडे बघायच्या. सांध्यापासून दूर, टाकीच्या पाठीमागे, जिथे काल पोलाद आठ-दहा केस फुगलं होतं, तिथे आज एक केससुद्धा फुगलं नव्हतं. सांध्यापाशीही नाही. सबंध टाकी निळी. तेवढाच दाब, तीच टाकी, आणि पोट जागचं हललं नाही.

पेन बंद झालं. बाईंना आता सगळं लख्ख दिसलं. याने व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता, नुसतं उघडल्याचं नाटक केलं. पंपाने भरली ती फक्त नळी, म्हणून काटा दोन मिनिटांत वर. टाकीत दाब गेलाच नाही, मग ती फुगेल कशी आणि लाल होईल कशी? रात्री नऊपर्यंत बसून हाच डाव शिजवला. त्यांना राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपल्या पायाने चालत आलं होतं.

काम आटोपून रात्री त्या तडक लेकीच्या घरी गेल्या. लेक आणि जावई जेवायला बसत होते. लेकीने तिसरं ताट घेतलं. बाई म्हणाल्या, "मला नको."

"जावईबापू, आज व्हॉल्व्ह उघडला होतात?"

"हो, आई."

"मग टाकी फुगली का नाही?"

त्याला प्रश्न कळला नाही. बाईंनी आकडे सांगितले, नळी सांगितली, दोन मिनिटं सांगितली. लेकीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आई, तू याला चोर म्हणतेयस?"

"मी आकडे सांगतेय. काल रात्री नऊपर्यंत शेडमध्ये काय करत होतात?"

"टाकीपाशी बसलो होतो," जावई म्हणाला. "भरलेली होती ना. दोरी बांधली, पण झाडायला येणाऱ्या मावशी दोरीखालून वाकून आत जातात. त्या जाईपर्यंत बसलो."

"भरलेली असेना का. पाण्याला कोण घाबरतं?"

"पाण्याला नाही, दाबाला. दाब तसाच होता." आता तो गोंधळला. "तुम्हीच म्हणालात, कशालाही हात लावायचा नाही. मी म्हणालो, बाई, पण पाणी. तुम्ही म्हणालात, कशालाही म्हणजे कशालाही. मग मी पाणी सोडलं नाही. दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत."

"काटा शून्यावर होता. मी स्वतः पाहिला."

"काटा पंपावर असतो, आई. मधला व्हॉल्व्ह बंद होता. पंपातला दाब मी सोडला होता, टाकीतला नाही. आज सकाळी व्हॉल्व्ह उघडला तशी टाकीनेच काटा वर ढकलला, मी पंप जेमतेम हलवला."

"मग फोटो घेताना बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सरळ काट्याकडे गेलात." आणि मग, अगदी साधेपणाने, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सगळं माहीत असतं."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई सातला शेडमध्ये होत्या. हे खरं की खोटं, ते कुणालाही न विचारता तपासता येणार होतं. टाकी ज्या काँक्रीटच्या बैठकीवर ठेवत, तिच्यावर बाईंनी पूर्वीच खुणा चिकटवून ठेवल्या होत्या. टाकी फुगली तरी बैठक फुगत नाही, म्हणून कॅमेरे हलवले तरी दोन दिवसांचे फोटो त्या खुणांवर एकमेकांवर बसवता येत. त्यांनी सोमवारचा शून्याचा फोटो घेतला आणि त्याच्यावर मंगळवारचा शून्याचा फोटो बसवला. टाकी मंगळवारी बिनदाबाची असती तर पडदा निळा राहिला असता.

पडदा हिरवा झाला. आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन लाल पट्टे. मंगळवारच्या फोटोत सांधा एकाच जोडीच्या समोर होता आणि पट्टे तरीही होते, त्यामुळे शिवण उसवल्याचं सांगायला आता फारशी जागा नव्हती.

मंगळवारचं शून्य शून्य नव्हतंच. टाकी आधीच फुगलेली, तिचा फुगलेल्या पोटाचा फोटो काढून बाईंनी त्याला शून्य म्हटलं, आणि मग ती आणखी फुगली नाही म्हणून जावयाला चोर ठरवलं. जावई खरं बोलला होता. रात्रभर ती टाकी दाबाखाली शेडमध्ये होती, आणि तिच्याशेजारी बसायची बुद्धी एकट्या त्याला सुचली होती. हे सगळं बाईंच्या एका हुकमामुळे झालं, आणि हुकूम संशयापोटी दिलेला. एवढं कळून बाई थांबल्या असत्या तर बरं होतं. पण लाल पट्टेही खरे होते. जावई प्रामाणिक होता आणि त्याचा सांधा वाईट होता.

त्यांनी त्याला बोलावून पडदा दाखवला.

"कडा," तो म्हणाला. "प्लेटच्या कडा रोलमध्ये पूर्ण वळल्या नव्हत्या. शेवटचा वीतभर भाग सपाटच राहिला. भिडेनात. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, शिकंज्याने ओढून घे आणि मार. मी ओढल्या आणि मारला."

"तुला पटलं होतं?"

"नाही."

"मग?"

"ते साहेब आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी नाही म्हणायला हवं होतं."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. चार वर्षं त्या या माणसात लबाडी शोधत होत्या. लबाडी नव्हतीच. त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, एवढंच होतं, साहेबांनाही नाही आणि सासूलाही नाही. समोर पडलेलं त्यांना दिसलं नव्हतं, आणि भिंग घेऊन त्या ठिपके मोजत बसल्या होत्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं.

"दुसरी चाचणी कागदावर पास आहे, बाई."

"तिचं शून्य चुकलं होतं."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे."

"मग तसं लिहा. तुम्हाला नोटीस मिळेल. आणि तिसऱ्या चाचणीत लाल निघालं, तर जावयाचं कार्ड जाईल. फाटकं आणि जिने वेल्ड करत बसेल. आपलेच दात, आपलेच ओठ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार करा."

"कडा ओढून घ्यायला तुम्ही सांगितलंत."

"मी?" साहेब म्हणाले. "असं कुठे लिहिलंय?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाईंनी विचार केला नाही, मोजलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपलं माप चुकीचं निघायला हवं होतं. त्यांनी खुणा परत तपासल्या. कॅमेऱ्यांची नजर परत तपासली. ठिपके कुठे फसवतायत का ते पाहिलं. पत्र्यावरचा रंग सुटून फुगला असेल, अशी एक वेडी आशा धरून नखाने खरवडूनही पाहिलं. रंग पोलादाला घट्ट धरून होता. तीनदा मोजलं, तीनदा पट्टे तिथेच, तेवढेच लाल. इस्पितळाच्या आवारात त्या टाकीशेजारून माणसं येणार-जाणार, हेही त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सुट्टीची घंटा झाली तेव्हा त्यांनी कागदावर लिहिलं: दुसरी चाचणी रद्द, मापनाची चूक, जबाबदार मी. खाली सही केली.

गुरुवारी गाडी गेटबाहेर उभी होती आणि आत तिसरी चाचणी चालू होती. चाचणीआधी साहेब जावयाला कोपऱ्यात घेऊन दोन मिनिटं बोलले. बाईंनी पाहिलं. काय बोलले असतील, याचा अंदाज शेडमधल्या मांजरालाही आला असता. सगळे व्हॉल्व्ह जावयाच्या हातात होते. टाकी सकाळी त्यानेच परत भरली होती. भरताना आत गेलेला जरासा दाब शून्याच्या फोटोआधी तसाच राहू द्यायचा, की लाल फिकं पडणार, आणि त्याचं कार्ड कपाटात राहणार.

बाईंनी काटा पाहिला, तो शून्यावर होता. मग त्या वळून त्याच्याकडे गेल्या.

"झाली मोकळी?" त्यांनी विचारलं.

साहेब पलीकडे उभे होते. जावयाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"नाही," तो म्हणाला. "मधला व्हॉल्व्ह बंद आहे. थांबा, उघडतो."

त्याने उघडला. काटा उडी मारून वर गेला आणि मग हळूहळू खाली यायला लागला. साहेब घड्याळ बघत बाहेर निघून गेले. बाई आणि जावई काटा उतरेपर्यंत शेजारी उभे राहिले. मग तो म्हणाला, "आता घ्या."

बाईंनी शून्याचा फोटो घेतला. पुढचं वीस मिनिटांत झालं. दोन लाल पट्टे. जावयाने स्वतः कागदावर लिहिलं, की कडा वळलेल्या नसताना ओढून सांधा मारला. कुणी सांगितलं म्हणून मारला, तेही लिहिलं. साहेबांनी ते वाक्य खोडायला सांगितलं. त्याने खोडलं नाही.

गाडी रिकामी गेली. बाईंना नोटीस मिळाली. जावयाचं कार्ड जमा झालं, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. साहेबांची चौकशी करू असं वरून सांगण्यात आलं, आणि ती अजून चालू आहे.

रविवारी बाई लेकीकडे गेल्या. जावई आतल्या खोलीत झोपला होता. फाटकांचं काम उन्हात असतं, माणूस थकतो. काचेच्या कपाटातली कार्डाची जागा मोकळी होती. लेकीने तिथे दुसरं काही ठेवलं नव्हतं.

"तो म्हणतो, आईंनी बरोबर केलं," लेक म्हणाली. "आईंचं माप चुकत नाही, म्हणतो."

बाई कपाटासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"चार वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, एक दिवस दाखवीन तुला. दाखवलंस. झालं समाधान?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या मनात होतं, की मीच चुकावं. सही करण्याआधी तीनदा मोजलं मी, माझी चूक सापडावी म्हणून. तो वाचावा म्हणून."

लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, वरून खाली, सावकाश, कुठे काही लपवलंय का ते शोधत.

"असेल," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

बाई कपाटासमोर बसून राहिल्या. त्या खरं बोलल्या होत्या, आणि त्याचा पुरावा त्यांच्याकडे कुठलाच नव्हता.